निवडणे

मराठीत 'निवडणे' हे एक क्रियापद दोन निरनिराळी कामे वर्षानुवर्षे बिनतक्रार करीत आले आहे. परातीत धान्य पसरून, उजेडाकडे तोंड करून बसलेली गृहिणी बोटांच्या टोकांनी खडा, काडी, फोलपट आणि किडका दाणा बाजूला सारते, तेव्हा ती धान्य निवडीत असते. आणि आयुष्याच्या एखाद्या फाट्यावर उभे राहून अनेक वाटांपैकी एक वाट आपण पत्करतो, तेव्हाही आपण निवडीतच असतो. पहिल्या कामात दृष्टी खिळलेली असते ती टाकायचे काय यावर, दुसऱ्यात घ्यायचे काय यावर. आणि तरीही आमच्या पूर्वजांनी दोहोंना एकच शब्द दिला, यामागे शब्दांच्या काटकसरीहून अधिक काही असावे असे मला वाटत आले आहे. ते काय असावे याचा उलगडा मला गेल्या चैत्रात झाला, रास्ता पेठेतल्या एका जुन्या घराच्या माजघरात, ज्या धान्याचे नावही माझ्या आईने कधी ऐकले नव्हते अशा एका धान्याच्या राशीपुढे बसलो असताना.

ते घर आमच्या मावशींचे. नात्याने त्या माझ्या कोणी नव्हेत. माझ्या आईच्या शेजारीण, बेने इस्राएल या यहुदी समाजातल्या, आणि दिवेकर, पेणकर, केहिमकर यांच्याप्रमाणेच कोकणातल्या एका गावाचे नाव आडनावात जपणाऱ्या. वय ऐंशीच्या पुढे गेले आहे, पण शब्बाथाचा दिवा लावताना हात थरथरत नाही. त्यांच्या समाजाची परंपरा अशी सांगते की फार प्राचीन काळी अलिबागेजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, त्यांची बोली मराठी झाली, पोशाख मराठी झाला, आणि ग्रंथ, पूजापाठ, मूळ भाषा यांतले बहुतेक सारे काळाच्या ओघात वाहून गेले. मात्र शनिवारी ते घाणा फिरवीत नसत. कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांतून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले ते यामुळेच. आणि आपण कोण आहोत याचा जो सर्वांत ठळक दाखला त्या लोकांच्या हाती शतकानुशतके उरला, तो त्यांनी केलेल्या कोणत्याही कर्माचा नसून न केलेल्या एका कर्माचा होता, ही गोष्ट मनात आली की मला आजही गहिवरून येते. शनिवारी घाणा बंद ठेवावयाचा, खवले आणि पर नसलेला मासा घरात आणावयाचा नाही, मांस आणि दूध एका ताटात येऊ द्यावयाचे नाही, इतक्या थोड्या नकारांच्या आधारावर एक समाज अथांग काळ तरून गेला.

मांसासोबत दुग्धजन्य पदार्थ खाऊ नयेत या कोशेर नियमामुळेच मावशींच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाला एवढे मानाचे स्थान आहे. मटणाच्या रश्श्यातही तेच आणि जेवणानंतरच्या गोडातही तेच, कारण नारळाचे दूध नावाने दूध असले तरी धर्माच्या दप्तरात त्याची नोंद दुधाच्या खाती होत नाही. मांसाची भांडी निराळी, दुधाची निराळी, आणि वल्हांडणाच्या आठ दिवसांपुरती तिसरीच, एरवी माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेली. पूर्वजांची मिसरातून सुटका झाली त्या रात्री पीठ फुगण्यापुरतीही उसंत मिळाली नाही, त्या घाईचे स्मरण म्हणून या सणात खमीर घरात राहू द्यावयाचे नाही. गहू, जव आणि शास्त्राने त्यांच्या पंक्तीला बसविलेली आणखी तीन धान्ये, मिळून पाच, यांच्या पिठाला पाणी लागून अठरा मिनिटे गेली की ते खमीर समजावयाचे. बेखमीर भाकर मात्र त्याच गव्हाची, पण ती अठरा मिनिटांच्या आत मळून, लाटून, भाजून काढलेली. लहानपणी ही अठरा मिनिटे ऐकून मला आश्चर्य वाटे. पुढे मुलकी खात्यात तीस वर्षे दप्तर सांभाळल्यावर कळले, की जेथे श्रद्धा खोल असते तेथे मुदतही काटेकोर असते.

यंदा मावशींचा मुलगा इस्राएलमधल्या अश्दोदहून सहकुटुंब सणाला येणार होता, आणि त्यातूनच एक अडचण उभी राहिली. मावशींच्या घरी वल्हांडणात तांदूळ चालतो. तो तीनदा निवडावयाचा, त्यात गव्हाचा वा जवाचा दाणा नाही याची खातरजमा करावयाची, आणि मग शिजवावयाचा, अशी त्यांच्या घरची वहिवाट आहे. पण सून पोलंडमधून आलेल्या घराण्यातली. युरोपातल्या यहुदी लोकांमध्ये तेराव्या शतकापासून नोंदलेली अशी रूढी आहे की या आठ दिवसांत पाच धान्यांबरोबर तांदूळ, मका, डाळी, कडधान्येही वर्ज्य. कारण त्यांचेही पीठ होते, तीही गव्हाच्या शेजारी पिकतात, त्याच पोत्यांतून वाहिली जातात, आणि भोळ्या माणसाची नजर चुकू शकते. म्हणजे एकाच पंगतीत सासूच्या पानात भात वाढावयाचा आणि सुनेच्या पानात वाढावयाचा नाही. "अरे, लेकरं सात समुद्र ओलांडून यायची, आणि एका भांड्यातलं सगळ्यांच्या पोटात जायचं नाही?" असे म्हणताना मावशींचा आवाज जरा ओला झाला. तोड सुनेनेच सुचविली. सणापूर्वी आठवडाभर येऊन पोचलेल्या तिच्या सामानात, धर्मसंस्थेची मोहर असलेली किनोआची चार पाकिटे होती.

किनोआ, किंवा त्याच्या मायदेशीच्या केचुआ भाषेत 'किन्वा', हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचे पीक. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर सुमारे 3800 मीटर उंचीवर टिटिकाका सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या थंड, वाऱ्याने झोडपलेल्या पठारावर, जेथे गहू-मक्याचे काही चालत नाही अशा खारट जमिनीतही, हे झाड हजारो वर्षे माणसाला पोसत आले आहे. इंका आई आणि स्पॅनिश बाप यांच्या पोटी जन्मलेला इतिहासकार गार्सिलासो दे ला वेगा स्पेनमध्ये स्थायिक झाला, तेव्हा त्याने मायभूमीहून या धान्याचे बी मुद्दाम मागविले. ते पोचले, पण निर्जीव होऊन पोचले, असे त्याने 1609 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. आईच्या घरचे धान्य बापाच्या मुलखात रुजावे ही त्या मुलाची इच्छा पुरी झाली नाही. त्याच्या बापाकडच्या लोकांनी मात्र अँडीजच्या उतारांवर स्वतःचा गहू आणि जव नेऊन रुजविले. आणि आज मावशींच्या सुनेच्या पाकिटावर जी मोहर लागते, तिचे कारण चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पेरणीत आहे. किनोआच्या शेताशेजारी जवाचे शेत असू शकते, जवाचे रिकामे पोते किनोआसाठी वापरले जाऊ शकते, म्हणून तपासनीस तेथवर जाऊन पाहणी करतात.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने किनोआ हे तृणधान्य नव्हेच. गहू, जव, तांदूळ, ज्वारी ही सारी गवताची लेकरे. किनोआ हा आपल्या चाकवताचा सख्खा भाऊ, दोघांचे कुळ आणि गोत्र एकच, आणि राजगिरा त्यांचा चुलत भाऊ. ज्या चाकवताची ताकातली पातळ भाजी माझी आई लसणीची फोडणी देऊन करी, त्याचाच एक भाऊ पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला पाने सोडून दाण्यांच्या सेवेला लागला, हे कळल्यावर त्या परक्या धान्याविषयीचा माझा दुरावा निम्मा सरला. उरलेला सरला तो ते धुताना. दाण्यावर एक कडू लेप असतो, पाखरांपासून संरक्षण म्हणून निसर्गाने दिलेला. पाण्यात चोळताच त्याचा फेस येतो, अगदी रिठ्याचा यावा तसा, कारण रिठ्यात जे द्रव्य असते त्याच जातीचे द्रव्य येथेही असते. चार-पाच पाण्यांनी फेस यायचा थांबेपर्यंत धुवावे. न धुता शिजविणाऱ्याच्या पदरी कडवटपणा येतो. मग पाणी निथळून कढईत हलके परतावे, दुप्पट पाणी घालून झाकण ठेवावे, मंद आचेवर पंधरा मिनिटांत दाणा पारदर्शक होतो आणि त्याच्या कडेने अंकुराचा पांढरा वेढा सुटून, बालचंद्राच्या कोरीसारखा बाहेर येतो. तो दिसला की आच बंद करून पाच-सात मिनिटे वाफेवर मुरू द्यावे. शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे 14 ग्रॅम प्रथिने असतात, आणि गव्हा-तांदळात प्रथिनांचा जो लायसिन नावाचा घटक कमी पडतो तोही यात पुरेसा असतो.

हे सारे मी शिकलो ते नातीसाठी. ती नऊ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिची वाढ खुंटली, पोट फुगे, चेहऱ्यावर कळा राहिली नव्हती. बरेच दिवस टॉनिके झाली, आणि अखेर रक्ताच्या तपासणीने व आतड्याच्या सूक्ष्म तुकड्याच्या परीक्षेने निदान झाले की हा सीलिॲक आहे. गहू, जव आणि राय यांतले ग्लूटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की तिच्या देहाचे रक्षक सैन्य बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जाते. अन्नरस शोषून घेणारे तेथले बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे सपाट होतात, आणि भरल्या ताटावर बसून मूल उपाशी राहते. यावर औषध एकच, ग्लूटेनचा संपूर्ण आणि आजन्म त्याग. हा उपाय निश्चित केला तो विलेम डिके या डच बालवैद्याने. गव्हाविषयी त्याला आधीपासून संशय होताच. पण 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, लोक कंदमुळांवर जगू लागले, आणि अशा भीषण दिवसांत त्याची ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. विमानांतून पाव आला तेव्हा ती पुन्हा ढासळली. त्या निरीक्षणावरून पुढे केलेला अभ्यास त्याने 1950 साली प्रबंधरूपाने मांडला. राष्ट्राच्या उपासमारीतही आपल्या थोड्याशा रुग्णांच्या चेहऱ्यांवरची टवटवी ज्याच्या नजरेतून सुटली नाही, त्या वैद्याचे स्मरण मी नातीचा डबा भरताना पुष्कळदा करतो.

पोळीच्या घरात गहू टाळणे किती कठीण आहे, ते टाळू लागल्यावाचून कळत नाही. शिरा, शेवया, पुरणपोळी यांवर गव्हाचा हक्क उघड असतो. पण बाजारातल्या बांधानी हिंगातही बहुधा कणीक वा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे ज्या वरणाला आम्ही निरुपद्रवी समजत होतो त्याच्या फोडणीतूनच शत्रू आत येत होता. 'ग्लूटेनमुक्त' ठरण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा असते. पोळपाटाच्या फटीत अडकलेली कणीक ती ओलांडायला पुरते. म्हणून तिचा तवा निराळा, पोळपाट-लाटणे निराळे, डबे निराळे. आणि दुसऱ्याच्या घरी ताट समोर आले की घास उचलण्यापूर्वी ती खालच्या आवाजात विचारते, "यात गहू आहे का?" वाढणाऱ्याने कितीही मायेने 'नाही गं' म्हटले, तरी तिची नजर क्षणभर ताटावर रेंगाळते. त्या वयात ज्याने ताटाकडे निःशंक पाहावे, त्या लेकराला संशयाचा हा पहारा बसवावा लागतो, याचे दुःख मी शब्दांत सांगू शकत नाही.

आमच्या घरात तिसरा नियम आहे तो माझ्या पत्नीच्या उपवासांचा. संकष्टीला तिला धान्य वर्ज्य. वरीचे तांदूळ, राजगिरा, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे एवढ्यांना मुभा. या यादीकडे मी कधी विचाराने पाहिले नव्हते. बटाटा मूळचा टिटिकाकाच्याच परिसरातला, म्हणजे किनोआचा बालमित्र. शेंगदाणा, मिरची, रताळे, ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते झाड, आणि आपण पवित्र मानतो तो राजगिरा, यांचे मूळही अमेरिका खंडातलेच. आमची व्रते ज्यांनी सांगितली त्यांना यांतल्या बहुतेकांची वार्ताही नव्हती. बरीचशी पोर्तुगीज गलबतांतून ती या किनाऱ्याला लागली, तेव्हा जुन्या निषेधांत त्यांचे नाव नव्हते. आणि ज्याला नियमाने मज्जाव केला नव्हता, त्याला आमच्या आज्या-पणज्यांनी आपल्या चुलीपाशी जागा दिली. त्या वेळी पंडितसभा भरल्या असतील किंवा नसतील. निर्णय झाला तो स्वयंपाकघरात.

हीच कैफियत, हजारो मैलांवर, दुसऱ्या एका धर्मात अधिक रीतसर चालली. ज्यांनी तेराव्या शतकात कडधान्ये वर्ज्य केली त्यांनी किनोआ पाहिलाच नव्हता. मग तो त्या यादीत धरावा की धरू नये? न्यूयॉर्कचे विख्यात धर्मनिर्णयकार रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी शेंगदाण्यासंबंधी असे मत दिले होते की पूर्वजांनी ज्या वस्तू त्यागल्या तेवढ्यांपुरतीच ती रूढी आहे, नव्या वस्तूंवर तिचा अंमल आपण होऊन वाढवू नये. त्याच तर्काने पुढे अनेकांनी किनोआला मुभा दिली; काही कर्मठ मात्र अजूनही ती देत नाहीत, आणि त्यांच्या सावधगिरीचाही मी आदर करतो. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे वर्ष किनोआचे म्हणून साजरे केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स युनियनने देखरेखीखाली सिद्ध झालेल्या किनोआला वल्हांडणासाठी आपली मोहर देण्याचे ठरविले. नियम फार जुने आणि दाणा त्यांना नवा. अशा वेळी प्रामाणिक माणसे नियम मोडीत नाहीत आणि दाणाही दूर लोटीत नाहीत, ती दाणा हातात घेऊन नीट पाहतात.

यावरून किनोआने आमच्या नाचणी-वरीला हुसकून लावावे असे मी म्हणणार नाही. नातीच्या ताटात रोज येते ती ज्वारीची आणि नाचणीची भाकरी. तिच्यातही ग्लूटेन नाही, ती आपल्या मातीतली आहे, आणि किनोआच्या किमतीच्या एका अंशात मिळते. परक्या देशात मागणी वाढली की अँडीजच्या शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात आणि मागणी ओसरली की तोच उघडा पडतो, हेही मी विसरत नाही. पण सुनेला वरी चालत नाही, पत्नीला त्या दिवशी ज्वारी चालत नाही, नातीला बेखमीर भाकर चालत नाही. तिघींना एका भांड्यातून वाढता येईल असे काही मावशींना हवे होते, आणि ते या पाहुण्या दाण्यापाशी होते.

वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास लागतो आणि आमची संकष्टी त्यानंतर चौथ्या दिवशी येते, म्हणजे चंद्राच्या हिशेबाने दोन्ही व्रते दर वर्षी शेजारी राहतात. इतकी वर्षे एका आळीत राहूनही हे आमच्या ध्यानात आले नव्हते. त्या दिवशी दुपारी फराळाला यायचे मावशींनी निमंत्रण दिले, आणि त्याआधीच, सण लागण्यापूर्वी तीन दिवस, धान्य निवडण्यासाठी आम्हाला बोलावून घेतले. पाकिटावर मोहर होती, तरी मावशींची वहिवाट तीन निवडींची. पांढरे कापड अंथरले, त्यावर नवे कोरे ताट, ताटात मोहरीएवढे फिकट पिवळे दाणे. पहिली निवड मावशींनी सुनेला जवळ बसवून केली, ती खमीर घरात येऊ नये म्हणून. दुसरी माझ्या पत्नीने केली, ती व्रतात धान्य मिसळू नये म्हणून. मग मावशींनी ताट नातीकडे सरकविले आणि म्हणाल्या, "आता तू बघ गं बाळा. आमच्या दोघींचे डोळे म्हातारे झाले. तू म्हणशील तेव्हाच झालं."

खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे ताट वळवून ती मांडी घालून बसली, आणि तर्जनीने दोन-दोन, चार-चार दाणे अलीकडून पलीकडे सारू लागली. पाऊण तास कोणी बोलले नाही. एकीला श्रद्धेने जे टाकावयाचे होते, दुसरीला व्रताने, तिसरीला देहाच्या आज्ञेने, ते तिघींचे एकच निघाले होते; आणि एकाच ताटाभोवती तीन पिढ्या त्या एका दाण्याच्या शोधात अशा बसल्या होत्या की कोणत्या कारणाने कोण बसले आहे हे परक्याला ओळखता आले नसते. शनिवारी बंद असलेला घाणा मला तेव्हा आठवला. जे लोक टाकायचे ते जपून टाकतात, त्यांनाच आपल्याजवळ काय राखायचे आहे हे ठाऊक असते. 'निवडणे' या शब्दाचे दोन अर्थ मला त्या ताटात एक झालेले दिसले. शेवटी तिने एक लांबट, पोटावर चीर असलेला दाणा चिमटीत धरून वर उचलला. तो जवाचा होता की कसला, याचा पंचनामा कोणी केला नाही. मावशींनी तो घेऊन खिडकीबाहेर टाकला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून हिब्रूत काही पुटपुटल्या.

संकष्टीच्या दिवशी मावशींनी त्याच किनोआची खीर केली. दाणा आधी पाण्यात मऊ शिजवून, नारळाच्या दाट दुधात उकळी न फुटू देता मुरविला, आणि त्यात गोडी आणली ती त्यांच्या समाजात या सणासाठी करतात त्या खजुराच्या रसाने. मांस कधी लागले नाही अशा भांड्यात ती शिजली होती, म्हणून माझ्या पत्नीला संकोच नव्हता. दूध नव्हते, म्हणून मटण जेवलेल्या मुलाला व नातवंडांना हरकत नव्हती. तांदूळ नव्हता, म्हणून सून सासूच्या पंक्तीला बसली होती. बेखमीर भाकरीची चळत मावशींनी आठवणीने आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

खिरीची वाटी नातीपुढे आली. मी सवयीने तिच्या प्रश्नाची वाट पाहिली, आणि उत्तरही मनात जुळवून ठेवले. तिने वाटी दोन्ही हातांनी जवळ ओढली, आणि काही न विचारता पहिला चमचा तोंडात घातला.